आक्कांची माळ आणि घावनातलं अंडं

नाचणी अर्धी पाखडून झाली होती आणि आक्कांनी सूप मांडीवरून खाली ठेवलं.

"संजे, बाकीची तू बघ गो. मला खडा लागत नाय हाताला."

मला वाटलं, चेष्टा करतात. आक्का म्हणजे धोंडीबाई, माझी थोरली जाऊ. धान्यातला खडा त्यांच्या डोळ्यांआधी बोटांना सापडतो, हे सगळ्या शेणवे गावाला माहीत. लग्नघरचे तांदूळ निवडायला पहिलं बोलावणं त्यांनाच. मी त्यांचा हात हातात घेतला आणि बोटाला चिमटा काढला. त्या माझ्याकडेच बघत राहिल्या. म्हणाल्या, "काढलास काय?"

त्या दिवशी मी वहीत लिहिलं, मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार, आक्कांची बोटं बधिर. पूजा आटोपली की रोज चार ओळी लिहायची माझी सवय आहे. कोण आलं, काय रांधलं, पोथी कुठवर वाचली. आक्का त्यावरून मला चिडवतात, "चित्रगुप्ताची पोर आमच्या घरात दिलीय."

आक्कांचं सांगायचं तर त्या खाण्यापिण्याच्या शौकीन. शेतातल्या खेकड्यांचा रस्सा असा करायच्या की वास घेत अख्खी आळी ताटली घेऊन यायची. सात वर्षांपूर्वी आक्कांचे मालक, माझे थोरले भावजी, गेले. त्या साली गावातल्या सप्ताहात आक्कांनी तुळशीची माळ घातली आणि एका दिवसात सगळं सोडलं. मासे नाही, मटण नाही, अंडं नाही. त्यांचा तवा वेगळा, पातेलं वेगळं. कधी कुरकुर नाही, की आठवण काढली नाही.

बोटांनंतर पाय. विहिरीवरून एक हंडा आणला की ओट्यावर बसून धापा टाकायच्या. चेहरा पिवळट झाला. जीभ लालबुंद, साल निघाल्यासारखी. साधं वरणही झोंबायचं. एकदा बांधावरून घरी आल्या तर एकाच पायात चप्पल. दुसरी कुठे निसटली ते पायाला कळलंच नाही. शेजारची मैना हसली, "आक्का, एक चप्पल देवाला वाहिली काय?"

"वाहिली," आक्का म्हणाल्या. "तुला अक्कल दे म्हणून."

हसलो सगळेच. पण सारिका हसली नाही. सारिका आक्कांची सून. तिने त्याच आठवड्यात सासूला जवळच्या दवाखान्यात नेलं, मीही गेले. रक्त आठ निघालं. बी बारा नावाचं जीवनसत्त्वही फार कमी निघालं. डॉक्टरांनी माळेकडे बघितलं.

"मावशी, हे मिळतं मासे, मटण, अंडी यातून. दुधातूनही थोडं. तुम्ही अंडं तरी सुरू करा."

"गोळ्या द्या," आक्का म्हणाल्या. "माळ माझी चितेवरच उतरल."

गोळ्या आल्या. महिन्याने रक्त नऊ झालं. पंकज, आक्कांचा मुलगा, आटगावजवळच्या कंपनीतून येताना पेढे घेऊन आला. पण पाय काही वळणावर येईनात. आरतीला आक्का डोळे मिटून उभ्या राहिल्या की डुलायला लागायच्या. एकदा तर सरळ माझ्या अंगावर आल्या. कानात म्हणाल्या, "डोळे मिटले की जमीन जाते गो पायाखालून." तेव्हापासून त्या आरती उघड्या डोळ्यांनी म्हणू लागल्या. चाळीस वर्षं मी त्यांना देवापुढे बघतेय, मला ते बघवेना.

सारिका एका दुपारी शेजारच्या माझ्या घरी आली.

"काकी, आईंचे पाय जातील. मला एक सुचलंय. तुमी ओरडू नका."

तिला आक्कांच्या सकाळच्या घावनाच्या पिठात अंडं फेटायचं होतं. तांदळाच्या पिठात अंडं गेलं तर वास येत नाही, आणि आक्कांच्या जिभेला तर आता चवच नव्हती. तिच्या घरात अंडं आणायची सोय नाही, माझ्याकडे कोंबड्या.

"आगो, माळकरी माणूस ते. देव बघतो ना?"

"देवानं पाय बघावेत. पाप मी घेते, तुमी नुसतं अंडं द्या."

दोन दिवस मी नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी पदराखाली एक अंडं घेऊन गेले. मग रोजच. देवाला फुलं वाहिली की पहिलं काम तेच. त्या वहीत मी आजवर काही लपवलं नव्हतं, पण ते दोन महिने मी नुसतं "घावन" एवढंच लिहीत गेले.

आक्का खूश. "सारिके, घावनं हल्ली मऊ जमतात तुझी. माहेरी शिकून आलीस काय?"

सारिका चुलीत फुंकर घालत राहिली. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिले.

फाल्गुन सरत आला तरी फरक नाही. उलट आक्का काठी घेऊन चालू लागल्या, तीही पायाकडे बघत बघत. शेवटी पंकजने रजा टाकली आणि आम्ही तिघं किन्हवली, सरळगाव करत मुरबाडला एका डॉक्टरबाईंकडे गेलो. सारिका पोराची परीक्षा म्हणून घरी थांबली.

बाई शांत होत्या. आक्कांची जीभ बघितली, गुडघ्यावर हातोडी मारली, एक लोखंडी चिमटा वाजवून पायाच्या अंगठ्यावर टेकवला. "थरथर कळते?"

"कसली थरथर?" आक्का म्हणाल्या.

कधीपासून होतंय, असं त्यांनी विचारलं. मी पिशवीतून वही काढली. बोटं कधी, चप्पल कधी, आरतीला तोल कधी गेला, सगळं तारखेनिशी वाचलं. बाई म्हणाल्या, "असं कोणी लिहून आणत नाही हो." मला बरं वाटलं, पण पुढचा प्रश्न आला तेव्हा ते बरं वाटणं कुठच्या कुठे गेलं.

"गोळ्या रोज घेतल्या?"

"एक चुकवली नाय."

"आणि अंडी, मासे? अजिबात नाही?"

"नाय डॉक्टरबाई. माळ हाय."

बाई लिहायला लागल्या. "मग खाण्यातूनच कमी पडतंय. गोळी जोरकस देते, दूध-दही वाढवा. तीन महिन्यांनी बघू."

तीन महिने. मी आक्कांच्या पायांकडे बघितलं. नव्या चपला पट्ट्याने घोट्याला बांधल्या होत्या, पडू नयेत म्हणून. मनात देवाचं नाव घेतलं आणि बोलून टाकलं.

"अंडी खाल्लीत त्यांनी. रोज एक, दोन महिने. त्यांना माहीत नाय."

पंकज माझ्याकडे बघतच राहिला. आक्कांनी गळ्यातली माळ मुठीत धरली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे आधी सांगायला हवं होतं तुम्ही. दोन महिने गोळ्याही आणि अंडीही, तरी पाय बिघडतच गेले?" त्यांनी बी बारासाठी रक्त लगेच तपासायला लावलं. दुपारी कागद आला. आकडा पहिल्यापेक्षाही खाली.

मग त्यांनी आक्कांनाच समजावलं. "आजी, मळणी झाली, धान्य अंगणात आलं, पण उचलून कणगीत भरणारं कोणी नाही, तर कणगी रिकामीच ना? पोटात एक रस असतो, तो हे जीवनसत्त्व उचलून आत नेतो. काहींचं शरीर स्वतःच तो रस मारून टाकतं. मला तसाच संशय आहे. त्याला पर्निशस ॲनिमिया म्हणतात. त्याची वेगळी तपासणी ठाण्याला पाठवते. गोळीतल्या दुसऱ्या एका जीवनसत्त्वाने, फॉलिक ॲसिडने, थोडं रक्त वाढलं, म्हणून सगळ्यांना वाटलं सुधारतंय. नसा मात्र उपाशीच राहिल्या."

आक्कांनी विचारलं, "म्हंजे माळेनं नाय झाला?"

"नाही. तुम्ही रोज मासे खाल्ले असते तरी हे झालंच असतं. आता पोटाला वगळून सुईनेच द्यायचं. जन्मभर. बोटं थोडी बधिर राहतीलही, पण पाय जाऊ द्यायचे नाहीत आपण."

तपासणीचं रक्त काढून पहिली सुई तिथेच दिली. जास्वंदीसारखं लाल औषध. येताना गाडीत आक्का खिडकीकडे तोंड करून बसल्या. घरी आल्या त्या सरळ तुळशीपाशी. सारिकाला पंकजने सांगितलं असावं, ती धावत येऊन त्यांच्या पायांवर पडली.

"आई, मारा मला."

"तुला मारून माझं काय भरणार हाय? ऊठ. ह्यापुढं घावनं कडक कर."

माझ्याशी मात्र चार दिवस अबोला. ते चार दिवस त्या प्रायश्चित्त म्हणून नुसत्या दुधावर राहिल्या. मी दारावरून गेले की नामजप मोठ्याने व्हायचा. मला ते लागायचं, आणि लागायलाच हवं होतं. मी त्यांच्या पायांसाठी केलं हे खरं, पण त्यांच्या गळ्यातल्या माळेचा निर्णय मी त्यांना न विचारता घेतला, हेही खरं.

पाचव्या दिवशी ठाण्याचा रिपोर्ट पंकजच्या मोबाइलवर आला. बाईंचा संशय खरा होता. संध्याकाळी आक्का काठी टेकत माझ्या ओट्यावर आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "संजे, एक सांग. अंड्यातला सत माझ्या पोटानं घेतलाच नाय ना?"

"नाय घेतला."

"मग माझ्या अंगाला अंडं लागलाच नाय. देवानं दार लावून ठेवला व्हता. माळ माझी शाबूत." मग बसल्या. "तुमच्या दोघींचं पाप पण शाबूत हाय हां. ते तुमी बघा."

मी रडत होते आणि हसतही होते. त्यांनी माझ्याच पदराने माझं नाक पुसलं, लहान पोराचं पुसावं तसं, जरा जोरातच. "आणि ह्यापुढं काय द्यायचा असंल तर विचारून दे. मी नायच म्हणंन. पण विचार."

दोन आठवडे एक दिवसाआड सुई, मग आठवड्याला एक. आधी जीभ बरी झाली. एक दिवस आक्कांनी मिरचीचा ठेचा मागितला, तर सारिका अंगणात येऊन नाचायचीच बाकी होती. मग चेहऱ्यावरचा पिवळेपणा गेला, धाप गेली. हळूहळू काठी दारामागे राहू लागली. डाव्या पायाची बोटं अजून झोपलेलीच आहेत. बाई म्हणतात, वेळ लागेल, सगळी जागी होतील असं नाही. आक्का म्हणतात, "झोपू दे बिचारी, बाकीची करतात ना काम."

आता महिन्याला एकच सुई आहे. ती गावातल्या नर्सताई टोचतात, औषध आपण आणून द्यायचं. ह्या वेळी आणलेल्या सुया संपल्या. उद्या सकाळच्या एसटीने शहापूरला जाऊन मेडिकलमधून पुढच्या सुया आणायच्या आहेत.