कर्चरांची कर्चरिन

एल्व्हर्टा कर्चर वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी अख्ख्या कुळाशी भांडली, आणि तेही भर सहभोजनात. चाळीस वर्षं तिनं फिलाडेल्फियाजवळच्या रेडिंग गावच्या गिरणीत मोजे विणले. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर माणसं अंगणात फुलं लावतात. ही बया ओली नावाच्या खोऱ्यातल्या चर्चांमधून आपल्या जर्मन पूर्वजांच्या जुन्या नोंदवह्या वाचत बसली. नजर तिखट आणि जीभ त्याहून.

दर ऑगस्टात सगळे कर्चर चर्चमागच्या झाडीत जेवायला जमतात. त्या वर्षी तिथं मूळपुरुषाच्या नावाचा स्मारकाचा दगड बसायचा होता. त्यासाठी नेमलेल्या समितीचा अध्यक्ष एल्व्हर्टाचा चुलतभाऊ हार्लन, ट्रॅक्टर विकणारा. त्यानं १७३८ साली फिलाडेल्फियाला लागलेल्या एका जहाजाच्या यादीतून हान्स पीटर कर्चर शोधून काढला होता. सही काय झोकदार! झालं, मूळपुरुष ठरला.

"तो आपला नव्हेच," एल्व्हर्टा सगळ्यांदेखत म्हणाली. "तो व्हर्जिनियाला गेला आणि बिनलग्नाचा मेला. आपला खरा पूर्वज जेकब त्याच जहाजातून आला, सहा वर्षांचा. बाप वाटेत दगावला, त्याला समुद्रात सोडलं. पोराला इथवर आणलं ते आईनं, एव्हा काटरिना कर्चरिननं. तेव्हाच्या पाद्रीबुवांनी चर्चच्या वहीत लिहून ठेवलंय."

"मग यादीत कुठाय ती?"

"यादीत सोळा वर्षांवरचे बाप्येच लिहायचे. बायका-पोरं म्हणजे सामान."

"आणि आडनाव कर्चरिन," हार्लननं मंडळींकडे बघून डोळा मिचकावला. "अगं, ते घराणंच वेगळं. मोजे विणता विणता टाका चुकला बघ तुझा."

सगळे खो खो हसले. एल्व्हर्टाच्या मस्तकात तिडीक गेली. पाटलाची पाटलीण, तशी कर्चरची कर्चरिन. एवढंही या शहाण्यांना ठाऊक उरलं नव्हतं.

"हार्लन, तुझी आजी शेजारच्या म्युलरच्या बायकोला काय हाक मारायची रे?"

"म्युलरिन," मागच्या बाकावरून हार्लनचीच आई पुटपुटली.

"ऐकलंस? एव्हाचा नवरा वाटेत गेला, तर त्याचंही जहाजाचं भाडं हिच्याच बोकांडी बसलं. ते फेडायला सात वर्षं परक्याच्या शेतात राबली, पण पोराला अंतर दिलं नाही. तिच्या पोटचे आपण दोनशे जण इथं बसून हॅम चापतोय. तिचं नाव कोरा."

दगड तर कोरून तयार होता, वर चादर घातलेला. हार्लननं घाम पुसला. "बरं बाई, खाली बारीक अक्षरात 'व पत्नी' घालू."

"कुणाची पत्नी? त्या व्हर्जिनियावाल्याची? मेलेल्या बाईचं आता दुसरं लग्न लावतोस होय?"

शेवटी मतं घेतली. हात वर झाले ते हार्लनच्या बाजूनं. त्याच्या आईनंही मुलाकडे पाहून हळूच हात वर केला. एल्व्हर्टानं बटाट्याच्या सॅलडचं आपलं पातेलं उचललं आणि घर गाठलं. घरी येऊन ती रडली, पण दुःखानं नव्हे, संतापानं.

एकट्या बाईचं मागून कोण करणार, म्हणून स्वतःच्या थडग्याचा दगड तिनं आधीच घेऊन ठेवला होता. तो अजून कारागिराकडेच पडून होता, नाव तेवढं घालायचं राहिलं होतं. सोमवारी सकाळी ती तिथं गेली आणि त्याच्या हातात कागद ठेवला.

"यातलं एक अक्षर गाळायचं नाही," तिनं बजावलं.

पंधरवड्यानं चर्चच्या आवारात, तिनं स्वतःसाठी घेतलेल्या जागेवर, तो दगड उभा राहिला: 'एव्हा काटरिना कर्चरिन. १७३८ साली मुलाला घेऊन आली.' रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण तो वाचायचा. हार्लन तणतणत तिच्या दारात आला.

"अगं, डोकं फिरलंय का तुझं? उद्या तू मेलीस की तुझ्या उशाशी काय लावायचं आम्ही?"

"काही लावू नका," एल्व्हर्टा म्हणाली. "तिनं दोनशे वर्षं नुसतं गवत पांघरलं. आता माझी पाळी."