निजलेला चेंडू

परवा गोल्फच्या मैदानाला पाणी सोडलं, ओल्या गाळासारखा कुबट वास आला आणि मला पाली गावचं उन्हाळ्यातलं धरण आठवलं. पाणी पार मागं सरलं होतं, उघडा पडलेला तळ वाळून टणक झाला होता. तेव्हा लांबचे फटके मला जमायचे, पण झेंड्याजवळ आलं की चेंडू पुढं पळायचा, म्हणून फौजेत हा खेळ शिकलेले मामा मला तिथं घेऊन गेले. काठीला रुमाल बांधून त्यांनी झेंडा केला. "मनगट हलवू नगं, पोरी. चेंडू पडला की थितंच निजला पायजे." पण माझा प्रत्येक चेंडू उसळायचा. पलीकडं मेंढरं चालली होती. एका जागेला ती वळसा घालत होती, ते मी पाहिलं आणि सोडून दिलं. मग एक फटका हातातून अलगद सुटला. चेंडू रुमालापुढं, नेमका मेंढरं टाळत होती त्या जागी पडला आणि तसूभरही हलला नाही. "लई भारी!" म्हणत मामा तो आणायला निघाले, तोच मेंढरांमागची बाई ओरडली, "ओ दादा, मागं फिरा! वरून वाळलंय, खाली गाळ हाय. माजी म्हैस गेली थितं. सांजंपतूर शिंगं दिसत व्हती." मामांचा उचललेला पाय तसाच राहिला. समोर तो पांढरा चेंडू आमच्या डोळ्यांदेखत, आवाज न करता खाली चालला होता. मग चिखल त्याच्यावर मिटला. आता माझा चेंडू झेंड्याजवळ पडून जागीच थांबला की लोक टाळ्या वाजवतात. मी मात्र तो अजून तेवढाच दिसतोय ना, हे पाहिल्याशिवाय पाऊल उचलत नाही.