वहिनी काय म्हणतात?

माझ्या शेजारी राहणाऱ्या मास्तरांनी शाळेत कधी शिकवलं नाही. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. उंच इमारतीत कुणी दोन मजल्यांच्या मधे अडकलं की त्यांना बोलावणं यायचं. यंत्राला हात लावण्याआधी ते बंद दाराशी तोंड नेऊन आतल्या माणसाशी बोलायला लागायचे. नाव काय, कुठे निघाला होतात, घरी कोण वाट बघतंय. आतला माणूस उत्तरं देता देता घाबरायचं विसरून जाई. एक बाई तर बाहेर आल्यावर म्हणाल्या होत्या, "एवढ्यात झालं? मला अजून धाकट्या जावेचं सांगायचं होतं." कंपनीतल्या लोकांनी त्यांचं नाव लिफ्टमास्तर पाडलं आणि तेच राहिलं.

समोरचा माणूस दिसत नसला की मास्तरांना बोलणं सुचायचं. दिसायला लागला की गप्प. त्यांची बायको म्हणायची, "सगळे शब्द लिफ्टमध्ये सांडून घरी येतात." संध्याकाळी हातपाय धुवायचे, जेवायचं, वर्तमानपत्राचं मागचं, रग्बीच्या बातम्यांचं पान उघडायचं, की दिवस संपला. मूलबाळ नव्हतं. एक दिवस तिने ते मागचं पान आधी वाचून काढलं आणि जेवायला बसल्यावर म्हणाली, "तुमचा तो सात नंबरचा अगदीच रडत पळतो हो."

मास्तरांनी घास खाली ठेवला. सात नंबरच्या खेळाडूचं काम पळणं नसून प्रतिस्पर्ध्याला आडवं पाडणं असतं हे तिला समजावून सांगण्यात त्यांचं जेवण गार झालं. रग्बीचा चेंडू लांबट का असतो हेसुद्धा तिला तेव्हा ठाऊक नव्हतं. पण त्या दिवसापासून घरात आवाज सुरू झाला. ते एका खेळाडूला चांगला म्हणाले की ती त्याला दगड म्हणे. आमच्या दोन घरांमधली भिंत पातळ आहे. भिंतीला कान लावायचा नाही हे मला कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी बजावून शिकवलं होतं, पण भिंतच बोलायला लागली तर मी कान कुठे ठेवणार?

शनिवारी दुपारी आमच्या शहराच्या संघाचा सामना असतो आणि तो संपला की रेडिओवर लोकांचे फोन घेतात. मास्तर निवृत्त झाल्यावर तिथे फोन करू लागले. न दिसणाऱ्या माणसांशी बोलायचं म्हणजे त्यांचं जुनंच काम. त्यांचं मत सुरू असताना स्वयंपाकघरातून बायको ओरडायची, "खोटं सांगतायत, ऐकू नका त्यांचं!" ते रेडिओवर ऐकू जाई. कार्यक्रम चालवणारा तरुण खूश. "मास्तर, तुमचं झालं. वहिनी काय म्हणतात?" असं तो दर वेळी विचारू लागला आणि ते वाक्य शहरात सगळ्यांच्या तोंडी बसलं.

तेव्हा नवीन कोच आला होता. सामना चालू असताना मैदानाच्या कडेला हाताची घडी घालून उभा राहायचा, जिंको वा हरो. लोकांनी त्याचं नाव खांब ठेवलं. मास्तरांना तो आवडला. "घाई नाही त्या माणसाला. आमच्या कामात चालला असता." वहिनींचं मत ठरलेलं होतं, "काढा त्याला."

ती गेली त्याला चार वर्षं झाली. सकाळी छातीत दुखतंय म्हणाली आणि दवाखान्याच्या दारापर्यंतच पोचली. शेवटचा निरोप द्यायला आम्ही मोजकीच माणसं होतो. इमारतीतली जुनी कुटुंबं तोवर एकेक करून हलली होती, आणि नव्यांना मास्तर रेडिओवर जेवढे ऐकू येत तेवढेच माहीत.

बरेच शनिवार मास्तरांकडून आवाज आला नाही. मग एका संध्याकाळी भिंतीतून त्यांचं बोलणं ऐकू आलं. मी रेडिओ लावला. कुणी शिवी दिली तर कापता यावी म्हणून रेडिओवाले फोनवरचं बोलणं काही क्षण मागे ठेवून सोडतात, त्यामुळे मास्तर मला दोनदा ऐकू यायचे, आधी भिंतीतून आणि मग रेडिओतून. रेडिओवाला म्हणाला, "मास्तर! होतात कुठे? आम्हाला वाटलं वहिनींनी फोन जप्त केला. काय म्हणतात वहिनी?"

हा प्रश्न रेडिओवर आला तोवर भिंतीतून उत्तर येऊन गेलं होतं. मास्तर म्हणाले होते, "काय म्हणणार? काढा त्याला, म्हणते."

मी हातातलं शिवण बाजूला ठेवलं. रेडिओवर तेच वाक्य पुन्हा आलं आणि रेडिओवाला खदखदून हसला. पुढची जवळजवळ चार वर्षं हे असंच चालू राहिलं. जिन्यात भेटलो की मास्तर विचारायचे, "कशा आहात ताई?" मी म्हणायची, "बरी आहे." दोघांनीही विषय काढला नाही. माझ्याही घरात दुसरा माणूस नाही. मी कुठल्या तोंडाने काढणार होते?

या वर्षी संघ हरत सुटला. घरच्या मैदानावर, पाहुण्यांच्या मैदानावर, चिखलात, उन्हात, सगळीकडे. बसथांब्यावर कुणीतरी लिहिलं, 'खांब उपटा'. शेवटी एका शुक्रवारी क्लबने जाहीर केलं की कोच आणि क्लब परस्पर संमतीने वेगळे होत आहेत. त्यावर न हसलेला माणूस शहरात सापडला नसता.

शनिवारी रेडिओवर नुसती झुंबड होती. एक दंतवैद्य म्हणाले, हा दात तीन वर्षांपूर्वीच काढायला हवा होता. एक बसचालक म्हणाला, सामान बांधलं असेल तर थेट हद्दीपर्यंत सोडतो, तिकीट माझ्याकडून. एका नर्सबाईंनी सांगितलं की त्यांच्या वॉर्डात उठून बसता न येणाऱ्या म्हाताऱ्यानेही टाळ्या वाजवल्या. एकच माणूस रडवेला होऊन म्हणाला, त्याला निदान शेवटचा सामना तरी द्यायचा होता, तर पुढच्याने फोनवर त्याची नक्कल केली. आणि मग वहिनींचा विषय निघाला. "वहिनी पहिल्यापासून सांगत होत्या!" "वहिनींना क्लबची अध्यक्ष करा." "नवा कोच वहिनींना विचारून नेमा."

मास्तर त्या दिवशी फोन करणार नव्हते असं मला वाटतं. रेडिओवाल्यानेच त्यांना लावला. "मास्तर, हरलात! आता पुढच्या शनिवारी तुम्ही नको. वहिनींना द्यायचा फोन. शहराला वहिनींचा आवाज ऐकायचाय."

"बघतो," मास्तर म्हणाले. भिंतीतून एकदा आणि रेडिओतून एकदा.

बुधवारी दुपारी त्यांनी माझं दार वाजवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. आत आले, खुर्चीच्या टोकावर बसले आणि माझ्या पडद्याकडे बघत राहिले. मी चहा केला. चहा संपला तरी बोलेनात. शेवटी मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि भांडी घासायला घेतली. अपेक्षेप्रमाणे पाठीमागून आवाज आला.

"ताई, एक विचारू? शनिवारी फोनवर तुम्ही बोलाल का? दोनच वाक्यं."

"मी?"

"तिच्या नावाने."

"मास्तर, मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही."

"तिला तरी कुठे कळायचं?" ते म्हणाले. मला हसू आलं, त्यांनाही आलं असावं. मग म्हणाले, "नको. तुमचं बोलणं फार शुद्ध. लगेच ओळखतील."

मी नळ बंद केला.

"मला दुसरीच काळजी लागलीय," ते म्हणाले. "काल वाण्याने मला मिठी मारली. म्हणतो, वहिनींनी खांब पाडला. आज पेपरात त्या कोचचा फोटो आलाय, गाडीत खोकी भरतोय. त्याची बायको मागे कुंडी हातात घेऊन उभी आहे. आणि सगळं गाव टाळ्या वाजवतंय ते आमच्या हिच्या नावाने. ताई, ती काय म्हणाली असती हो? माणसाची नोकरी गेल्यावर? मी इतकी वर्षं तिचं बोलतोय, आणि हे मला सांगता येत नाही."

"मला सांगता येतं," मी म्हणाले. "गॅलरीत कपडे वाळत घालताना ती मला म्हणाली होती, ताई, मी हो म्हटलं की त्यांचं बोलणं संपतं, म्हणून मी हो म्हणतच नाही. तो कोच चांगला की वाईट याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं, मास्तर. तुम्ही त्याला वाईट म्हणाला असतात तर तिने त्याला डोक्यावर घेतला असता."

मागे कप बशीवर वाजला. मी वळून बघितलं नाही.

"म्हणजे कुणाची नोकरी जावी असं तिला..."

"तिने साधी कामवालीसुद्धा कधी काढली नाही. दोन वेळा कप फोडले तरी."

"मग हे बरोबर नाही," मास्तर म्हणाले आणि उठले. "सगळं गाव तिला भलतंच समजून बसलंय."

शनिवारी नव्या तात्पुरत्या कोचच्या हाताखाली संघ जिंकला आणि रेडिओवर लग्नघर झालं. मी खुर्ची भिंतीजवळ ओढून बसले. सिस्टरांनी मला क्षमा करावी. फोन लागला. मास्तरांचा आवाज नेहमीसारखा होता, बंद दाराशी बोलताना असावा तसा शांत.

"वहिनींना द्या, वहिनींना द्या!"

"तिला देता येत नाही. आधी ऐकून घ्या. तिला हे आवडलं नसतं. माणसाला असं हाकलणं तिला आवडलं नसतं. काढा काढा असं मीच म्हणत होतो, तिचं नाव लावून. ती नाहीये. चार वर्षं झाली तिला जाऊन."

मी रेडिओकडे वळले. रेडिओवर अजून "वहिनींना द्या" चाललं होतं. मग मास्तर म्हणाले, "तिला देता येत नाही. आधी ऐकून..." आणि तिथेच गादीच्या दुकानाची जाहिरात सुरू झाली. जाहिरात संपल्यावर रेडिओवाला थोडा घाईघाईने म्हणाला, "मास्तरांची लाइन गेली वाटतं. वहिनी लाजल्या! पुढचा फोन घेऊ या."

भिंतीपलीकडून रिसीव्हर ठेवल्याचा आवाज आला. मास्तरांनी रेडिओ लावलेला नव्हता. फोन करताना तो बंद ठेवा असं रेडिओवालेच सांगतात, आणि मास्तर सांगितलेलं ऐकणारे होते.

रविवारी सकाळी ते दाढी करून, पांढरा सदरा घालून माझ्याकडे आले. "ताई, दोन खुर्च्या मिळतील? माझ्याकडे दोनच आहेत." मला आधी उलगडा झाला नाही. मी खुर्च्या घेऊन त्यांच्या मागोमाग गेले तेव्हा लक्षात आलं. बाहेरची खोली झाडून ठेवली होती. पाण्याचा तांब्या आणि उपडे पेले मांडले होते. कोपऱ्यात बायकोचा फोटो पुसून ठेवला होता. लोक भेटायला येतील अशी त्यांनी तयारी केली होती.

दुपारपर्यंत कुणी आलं नाही. दार उघडंच होतं. वरच्या मजल्यावरचा इलेक्ट्रिशियन जिना उतरताना दारात थांबला तसे मास्तर उठून उभे राहिले.

"मास्तर, काय हे, वहिनींना एवढी लाज कसली?" तो म्हणाला. "सांगा त्यांना, आम्ही सगळे वाट बघतोय," आणि तसाच खाली गेला.

मास्तर माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा पार उतरला होता. "इतकं कसं हो कुणाला काही वाटत नाही?"

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, "मास्तर, ते रेडिओवर आलंच नाही. त्यांनी मधेच कापलं. जाहिरात लावली."

"कुणालाच कळलं नाही?"

"मला कळलं."

"तुम्हाला होतंच ठाऊक," मास्तर म्हणाले. त्यात राग नव्हता. मी एक पेला सुलटा करून त्यांना पाणी दिलं.

संध्याकाळी रेडिओवाल्याचा फोन आला. मी खुर्च्या परत न्यायला गेले होते, म्हणून मास्तरांची बाजू ऐकली. "हो... नाही, समजतं मला... तुम्हीही घाबरलाच असणार... माहेरी गेली असं सांगायचं? किती दिवस?... नको. नको, तसं नको सांगायला. काहीच सांगू नका." फोन ठेवून ते म्हणाले, "चांगला मुलगा आहे. रडत होता. म्हणतो, आठवड्यात शंभरेक माणसं वहिनींसाठी फोन करतात, मी त्यांना काय सांगू?"

"मग?"

"मी काय सांगू त्याला? माझं मीच चार वर्षांत सांगितलं नाही."

त्यानंतर मास्तरांनी फोन केला नाही. पहिल्या शनिवारी कुणीतरी विचारलं, वहिनी काय म्हणतात, आणि रेडिओवाल्याने विषय बदलला. दुसऱ्या शनिवारी कुणी विचारलंही नाही, कारण संघ पुन्हा हरला होता आणि लोकांना तो तात्पुरता कोच नको झाला होता. तोच दंतवैद्य, तीच नर्सबाई. त्याला काढा.

मी रेडिओ बंद केला. पलीकडे मास्तरांचा चालू होता. थोड्या वेळाने तोही बंद झाला, आणि भिंतीतून त्यांचा आवाज आला, साधा, जेवताना बोलावं तसा.

"ऐकलंस? यालाही काढा म्हणतायत. आता तू काय म्हणशील?"

ते थांबले. या वेळी त्यांनी तिच्या वतीने काही म्हटलं नाही. मी भिंतीपाशी बसून होते, आणि पलीकडे ते वाट बघत होते.