ओठाचा डावा कोपरा

मला आप्पांचा, माझ्या वडिलांचा, चेहरा घडवायचा होता. ते गेले त्याला सहा वर्षं झाली. घरात त्यांचा फोटो एकच, तोही रेशनकार्डासाठी काढलेला, कुणावर तरी डाफरल्यासारखा. फोटो सोडून दुसरा चेहरा आठवेना झाला तेव्हा मी घाबरले आणि पन्नाशीत कॅम्पातल्या मूर्तिकलेच्या वर्गाला नाव घातलं.

सरांनी तेलाची माती आमच्यासमोरच केली. पत्र्याच्या डब्यात मंद आचेवर मेण वितळवलं, त्यात ग्रीस आणि मशीनचं तेल घातलं, मग शाडूची चाळलेली पूड थोडी थोडी टाकत ढवळत राहिले. वास आला आणि मी तिथंच थबकले. आमच्या वडगावच्या घरात आप्पांच्या कापड विणायच्या मागाला घालायचं तेल हेच. आप्पांच्या शर्टाला जन्मभर हा वास होता.

निवलेला गोळा हाताला घट्ट लागला, पण मळता मळता तळहाताच्या उबेनं नरम पडला. घरी चेहरा सुरू केला आणि सवयीनं, गणपतीच्या मातीला गुंडाळतात तसं, त्याला ओलं फडकं गुंडाळून ठेवलं. सकाळी बघते तर पाणी थेंबाथेंबानं वरच बसलेलं. सरांना सांगितलं तर ते हसले. "आक्का, ह्या मातीला तहान लागत न्हाय. वर्षानं हात लावा, अशीच असंल."

हसले म्हणून मला आधी रागच आला. मग मात्र घरी येऊन मी त्या मातीकडं बघतच बसले. माती, आणि वाळत नाही म्हणजे काय.

तीन महिने खपले. नाक जमलं, कपाळ जमलं, पण आप्पा काही येईनात. कितव्यांदा तरी ओठ खरवडून पुन्हा लावला आणि वैतागून कोरणी फेकली. "मरू दे, न्हाय जमत मला."

आई शेजारी भाजी निवडत होती. ती उठली आणि काही न विचारता ओठाच्या डाव्या कोपऱ्यावर अंगठा ठेवून खाली दाबला.

"दोरा दातानं तोडून तोडून ओठ हितं खाली आलता गं. तुझं ध्यानच न्हाय."

तिनं अंगठा काढला. समोर आप्पा होते.

आईनं हात पुसले आणि डोक्यावर पदर घेतला, आप्पा मागावरून उठून आत आले की घ्यायची तसा.