ढुंढिराजशास्त्रींच्या हरण्याला तीन साक्षीदार

आमचे ढुंढिराजशास्त्री काशीत अमृतराव घाटाजवळ राहतात, पूजा सांगतात आणि दर दिवाळीच्या पाडव्याला तीनपत्तीत हरतात. त्या दिवशी द्यूत खेळावे असे शास्त्र आहे. "पार्वतीपुढे खुद्द विश्वनाथ हरले, मी कोण?" असे म्हणून ते नोटा अर्घ्य दिल्यासारख्या सोडतात. उभी हयात मी नाटकांतून राजे रंगवले, पण राज्य गमावताना इतका प्रसन्न चेहरा मला कधी साधला नाही.

अशा माणसाला साडीवर मिळालेल्या कुपनावर दुकानाच्या सोडतीत स्कूटी लागली! त्यांची नात ईशानी रोज ऑटोत धक्के खात युनिव्हर्सिटीला जाते. ती नाचायचीच बाकी राहिली. पण दुकानदार म्हणाला, बक्षिसावर तीस टक्के कर आधी, चावी मग. स्कूटी नव्वद हजारांची, कर सत्तावीस हजार. शास्त्रीबुवांच्या घरी दक्षिणेचे नारळ मुबलक, रोकड नाही.

"आजोबा, चाबी कब मिलेगी?" ईशानी रोज विचारी.

शेवटी त्यांना युक्ती सुचली. जिंकल्यावर कर, तर हरलेले त्यातून वजा व्हायलाच हवे! कर सल्लागार केयूरची मुंज त्यांनीच लावलेली. त्याच्याकडे ते आम्हा खेळगड्यांना साक्षीला घेऊन गेले: रेल्वेतून निवृत्त झालेले नीलकंठराव, बँकेतले सुमंत आणि मी.

साक्ष म्हटल्यावर माझ्या अंगात आले. उभा राहून मी गर्जलो, "मागच्या पाडव्याला यांचे चार हजार मी स्वतः जिंकलो!"

"मी सहा," नीलकंठराव कसले मागे राहतात!

"आणि आमचा फ्रिज यांच्याच पैशांचा," सुमंत म्हणाले.

केयूरने चष्मा पुसला. "शास्त्रीकाका, जुगारात हरलेलं कशातूनच वजा होत नाही. कुपनासाठी घेतलेली साडीसुद्धा नाही. जिंकलेल्यावर मात्र सरळ तीस टक्के. पत्त्यांतलंही त्यात आलं." मग तो आमच्याकडे वळला. "हं, फ्रिज केवढ्याचा म्हणालात?"

"फ्रिज? तो सासऱ्यांनी दिला!"

"मी तर हरलोच होतो," नीलकंठराव पुटपुटले.

"मी नुसता प्रेक्षक," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच हे वाक्य माझ्या तोंडून निघाले.

शास्त्रीबुवा थक्क झाले. "म्हणजे इतकी वर्षं आपण चौघे खेळलो आणि चौघेही हरलो? मग पैसे काय गंगेने नेले? केयूर, लिहून घे. मला सगळं पाठ आहे." आणि डोळे मिटून त्यांनी संकल्पाच्या सुरात सुरुवात केली, "अविमुक्तवाराणसीक्षेत्रे, कार्तिकमासे, शुक्लपक्षे, प्रतिपत्तिथौ, नीलकंठरावांनी तीन गुलाम दाखवून..."

"शास्त्रीबुवा, पुरे!" आम्ही तिघे एका सुरात ओरडलो. असा कोरस आमच्या नाटक कंपनीतही कधी जमला नव्हता.

"अहो, पोर आपलीच आहे," नीलकंठराव खिसा चाचपत म्हणाले. "ऑटोत किती धक्के खाईल?" तिथेच तिघांनी मिळून कराची रक्कम जमवली.

शास्त्रीबुवा मात्र घाबरले. "केयूर, आता यावर पण तीस टक्के?"

"भेट म्हणा, काका. वर्षाला पन्नास हजारांच्या आत आहे, माफ."

चावी मिळाली. ईशानीने पहिली फेरी आजोबांना घडवली, थेट रामनगरपर्यंत. परतले ते रुद्र म्हणतच, शेंडी ताठ. उतरल्या उतरल्या आम्हाला म्हणाले, "पाडव्याला यायचं बरं का. पण यंदा चुकून मी जिंकलो तर?"

"निश्चिंत असा," नीलकंठराव म्हणाले. "तेवढी काळजी आम्ही घेऊ."