हार्लनने चष्मा काढला

हार्लन लिंडक्विस्टने मिनेसोटात आयुष्यभर शाळेची बस चालवली आणि सुट्टी मिळाली की खग्रास ग्रहणांमागे गाडी हाकली. या वेळी नेब्रास्काला निघताना बायको डोरीन म्हणाली, "मी चालवते."

"मग पोचेपर्यंत पुढचं ग्रहण लागेल," तो हसला.

वाटेत दोन फाटे चुकले. "पाट्या हल्ली फार बारीक लिहितात मेले," तो कुरकुरला. डोरीन हातातलं सँडविच तसंच धरून बसली.

मक्याच्या शेताशी गाड्यांची रांग लागली होती. ऊन फिकटलं, गार वारा सुटला, भर दिवसा रातकिडे किरकिरू लागले. सूर्य पूर्ण झाकला जाईपर्यंत ग्रहणाचा काळा चष्मा काढू नका, असं हार्लन दरवेळी अनोळखी लोकांनाही दटावायचा. आज त्यानेच तो काढला.

"झाकला बघ, डोरी! पूर्ण झाकला!"

डोरीनच्या चष्म्यातून सूर्याची कोर अजून झगझगीत दिसत होती. तिने झटकन त्याच्या डोळ्यांवर हात धरला.

"अरे, अजून कोर आहे!"

"कुठंय? काहीतरीच तुझं!"

मग खरोखरच अंधार पडला. लोक ओरडू लागले. डोरीनने हात काढला, पण वर पाहिलं नाही. तिने त्याच्या खिशातून गाडीची किल्ली काढून घेतली.

"काय शोधतेस?"

"काही नाही. तू बघ."