आधी कोणी जायचं

एर्लनरॉयटला गाव म्हणायचं ते केवळ तिथे चर्च आहे म्हणून. नाहीतर साठ-सत्तर घरं, लाल कौलं, अग्निशमन दलाची एक जुनी गाडी आणि गावाबाहेर ओळीनं पसरलेली कार्प माशांची तळी, एवढाच सगळा ऐवज. हेर्त्सोगेनआउराखपासून गाडीनं वीस मिनिटं. बस दिवसातून तीनदा, रविवारी तीही नाही. किराणा दुकान बंद पडून दहा वर्षं झाली होती, खानावळीनंही पाठोपाठ मान टाकली. मंगळवारी आणि शुक्रवारी बेकरीची व्हॅन यायची, घंटा वाजवायची, आणि मग कुठून कुठून म्हाताऱ्या टोपल्या घेऊन बाहेर पडायच्या. बाकी वेळी रस्त्यावर चिटपाखरू नाही. पण पडद्याआड सगळं गाव टक्क जागं. रविवारी तुम्ही कपडे वाळत घातलेत, तर सोमवारपर्यंत ते शेवटच्या घराला ठाऊक.

वीणा नातू या गावात आली २०११च्या ऑक्टोबरात. नवरा पुष्कर मेकॅनिकल इंजिनियर, हेर्त्सोगेनआउराखच्या एका कंपनीत लागलेला. शहरात घर मिळेना, इथे बाग आणि गॅरेजसकट मिळालं. मुलगी मैथिली तीन वर्षांची. वीणा वाढली सांगलीच्या गावभागात, आणि तिथली रीत तिच्या हाडात मुरलेली. नवं बिऱ्हाड आलं की टेम्पोतून कपाट उतरायच्या आत समोरच्या काकू चहाचा थर्मास घेऊन हजर. कुठले तुम्ही, किती जण, पाणी पहाटे साडेपाचला येतं, भरून ठेवा, दूधवाल्याला सांगून ठेवू का? चौकशा नको इतक्या, पण पहिल्या दिवशी चूल पेटवायची वेळ यायची नाही.

म्हणून पहिल्या शनिवारी वीणानं खोकी बाजूला सारून हॉल झाडला. शंकरपाळे तळले. चार बऱ्यापैकी कप धुऊन पुसून मांडले आणि ती बसली वाट बघत.

कोणी आलं नाही.

समोरच्या घरात फ्राउ डॉर्श, म्हणजे डॉर्शबाई, राहायची. पंचाहत्तरीची, विधवा, एकटी. गुडघे दुखरे, पण रस्ता झाडायची तो फरशी पुसावी तसा. सकाळी ठीक सात वाजता तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवरचा रोलाडेन, म्हणजे पट्ट्यानं ओढायचं ते बाहेरचं शटर, खडखड करत वर जायचा. मग खिडकीच्या चौकटीवर एक जाड उशी यायची आणि उशीवर फ्राउ डॉर्शचे दोन कोपर. वीणा दिसली की ती 'ग्रूस गॉट' म्हणायची, म्हणजे तिकडचा नमस्कार. वीणाही 'ग्रूस गॉट' म्हणायची. झालं. पुढे एक शब्द नाही.

"तूच जाऊन ये ना एकदा," पुष्कर म्हणाला.

"मी का जाऊ? नवे आपण आहोत. त्यांनी यायला नको? आपण होऊन दारात जाऊन उभं राहायचं म्हणजे काय, भीक मागायचीय?"

पुढच्या उन्हाळ्यात सासूबाई आल्या तीन महिन्यांसाठी. मनोरमाबाई म्हणजे शिस्तीचं काम. त्यांनीही कौल दिला, "वीणा, अजिबात जायचं नाही हं. आपल्यात असं नसतं. येतील, येतील. माणसंच आहेत ना?" वीणाला तेवढंच हवं होतं. एरवी सासूबाईंचं एक वाक्य तिला पटेल तर शपथ, पण हे तिनं पदराला गाठ मारून ठेवलं.

गाव असं असतं. ते वाईट नसतं, नुसतं बसून असतं. सप्टेंबरात मक्याची कापणी झाली, ऑक्टोबरात तळी रिकामी करून कार्प काढले, गावची जत्रा झाली, मोठ्ठं झाड आणून चौकात उभारलं, बाप्यांनी बिअर प्यायली, बँड वाजला. वीणा मैथिलीचा हात धरून कडेला उभी राहिली आणि अर्ध्या तासानं घरी आली. कोणी ये म्हटलं नाही, कोणी जा म्हटलं नाही. असे एकामागून एक सहा ऑक्टोबर गेले. पुष्कर सात वाजता जायचा, सातला यायचा. वीणानं जर्मनचा बी-वन लेव्हलचा कोर्स केला, सर्टिफिकेट फ्रेम करून लावलं, आणि ती भाषा बोलायला तिच्यापाशी माणूस नव्हतं. दुपारी घरात इतकी शांतता की फ्रिज बंद पडला तरी दचकायला व्हायचं. तिला एक माणूस हवं होतं. मैत्रीण नको, गप्पांचा फड नको. भिंतीपलीकडे आपल्याला ओळखणारं एक माणूस. आणि ते वीस पावलांवर उशीवर कोपर टेकून बसलेलं होतं.

मैथिलीला मात्र असल्या अडचणी नव्हत्या. ती कुंपणातून हात घालून डॉर्शबाईंची सफरचंदं आणायची, त्यांच्या मांजराला घरचं दूध पाजायची. सहा वर्षांची असताना एक दिवस शाळेतून येऊन दप्तर टाकत आईला जर्मनमध्ये म्हणाली, "मामा, फ्राउ डॉर्श फ्राग्ट, वारुम दू नी कॉम्स्ट."

मी कधीच का येत नाही, असं विचारते म्हणे! वीणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तिला सांग, आधी तू ये म्हणावं. आणि मराठीत बोल."

"ओके," म्हणाली पोरगी, आणि खेळायला गेली. तिनं ते सांगितलं की नाही, देव जाणे. वीणानं पुन्हा विचारलं नाही.

तरी एक गोष्ट होती. वीणाचा दिवस त्या रोलाडेनच्या खडखडाटावर सुरू व्हायचा. सात वाजले, खडखड झाली, की ती चहाचं आधण ठेवायची. सुट्टीत सांगलीला गेली तरी पहिले दोन-तीन दिवस तिला सकाळी काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. म्हातारीशी बोलणं नाही, पण म्हातारीची सवय पुरी झालेली.

२०१८च्या फेब्रुवारीतला एक बुधवार. बाहेर उणे नऊ. पुष्कर कामासाठी बर्लिनला गेलेला. सात वाजले, सव्वासात वाजले, समोरचा रोलाडेन खालीच. वीणानं मैथिलीचा डबा भरला, तिला शाळेच्या बसपर्यंत सोडलं. परत आली. खालीच. मांजर पायरीवर बसून ओरडत होतं.

चहाचा कप घेऊन वीणा खिडकीशी उभी राहिली. मुलीकडे गेली असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. मग तिच्याच लक्षात आलं की मांजर बाहेर ठेवून म्हातारी कुठे जात नाही. बघून यावं का? तिनं कोट खुंटीवरून काढलासुद्धा. एक बाही चढवली. आणि मग मनात जे आलं ते असं: साडेसहा वर्षं झाली. मला टायफॉइड झाला तेव्हा ही आली होती? माझे बाबा गेले, मी या खिडकीत बसून रडत होते, हिनं बघितलं, तेव्हा आली होती? आता मात्र मीच जायचं!

कोट परत खुंटीवर गेला.

गुरुवारीही रोलाडेन खालीच. त्या दिवशी वीणानं चहा मागच्या खोलीत घेतला, जिथून समोरचं घर दिसत नाही. हे मुद्दाम सांगायला हवं. तिला दिसत नव्हतं असं नाही. तिनं दिसू दिलं नाही.

शुक्रवारी बेकरीची व्हॅन आली. फ्राउ डॉर्श तिच्या दोन पावांसाठी बाहेर आली नाही, म्हणून व्हॅनवाल्यानं बेल दाबली, मग दार ठोकलं, मग तो थेट अग्निशमन दलाच्या शेडकडे धावला. दार फोडलं. मंगळवारी संध्याकाळी रोलाडेन खाली ओढून वळताना ती पडली होती. खुबा मोडला होता. फोन बाहेरच्या खोलीत. डॉक्टर म्हणाले, बुधवारी रात्रीपर्यंत तरी जिवंत असावी.

चर्चची घंटा वाजली. चौकातल्या फळ्यावर काळ्या चौकटीतला कागद लागला. सुखाला बोलावल्याशिवाय जाऊ नये, दुःखाला बोलावणं लागत नाही, एवढं सांगलीनं शिकवलेलं होतंच. वीणा काळा कोट घालून दफनाला गेली, आणि नंतर अग्निशमन दलाच्या शेडमध्ये सगळ्यांसाठी ठेवलेल्या कॉफीलाही गेली. लांब टेबलं, केक, थर्मास. गावातल्या माणसांनी तिला जागा करून दिली, इतकी सहज की तिला कळेना ही जागा आजवर होती कुठे.

डॉर्शबाईंची मुलगी बिर्गिट न्यूर्नबर्गला असायची. ती येऊन शेजारी बसली. डोळे सुजलेले, पण आवाजात राग नव्हता.

"तुम्ही समोरच्या ना? फ्राउ नातू. आईला तुमच्याबद्दल फार उत्सुकता होती हो. तुम्ही राहायला आलात त्या शनिवारी तिनं सफरचंदाचा केक केला होता, चांगले कप काढून ठेवले होते. मला फोन करून म्हणाली, आज नवे लोक येतील. पुढच्या शनिवारीही केला. मग म्हणाली, नाही येत, शिकलेली माणसं आहेत, आपल्यासारख्यांकडे कशाला येतील."

"येतील म्हणजे?" वीणानं विचारलं. "आम्ही यायचं?"

बिर्गिटला प्रश्नच समजला नाही. "आल्झो... म्हणजे, हो. नवीन येतो तो सगळ्यांकडे जातो ना. बेल वाजवायची, नाव सांगायचं, आम्ही इथे राहायला आलो म्हणायचं. नाहीतर लोकांना कसं कळणार, त्यांना ओळख हवीय की एकटं राहायचंय? न बोलावता नव्या माणसाच्या घरात घुसणं बरं दिसत नाही. तुमच्याकडे कसं असतं?"

वीणाच्या तोंडात केकचा तुकडा होता, तो फिरत राहिला.

"तुमचे वडील गेले तेव्हाही आई तुमच्या फाटकापर्यंत आली होती," बिर्गिट म्हणाली. "मैथिलीनं सांगितलं होतं तिला. तिथूनच परत फिरली. आता पहिल्यांदा जायचं आणि तेही अशा वेळी, लाज वाटली म्हणे." मग तिनं वीणाच्या हातावर हात ठेवला. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला काय माहीत, आत काय झालंय ते. खिडकी तर बंदच होती."

आणि वीणा म्हणाली, "या." म्हणजे हो. दोन दिवस बंद रोलाडेन ठाऊक असलेली, एक बाही चढवून काढलेली बाई म्हणाली, हो, मला काय माहीत. चांगल्या जर्मनमध्ये म्हणाली.

त्या संध्याकाळी पुष्कर परत आला. तिनं त्याला ती रीत सांगितली. तो बूट काढता काढता थांबला. "अगं हो. ऑफिसात प्रताप म्हणाला होता तेव्हा, पहिल्याच आठवड्यात. घरोघर जाऊन हॅलो म्हणून या म्हणून. म्हणून तर तुला म्हटलं होतं, तूच जाऊन ये."

"रीत आहे असं म्हणाला नाहीस."

"तू ऐकलं असतंस?"

तिनं काळा कोट खुंटीवर टांगला.

मे महिन्यात ते घर एका जोडप्यानं घेतलं. दोघंही तिशीचे, फ्रँकफर्टहून आलेले. सामान सकाळी उतरलं आणि दुपारी तीनला वीणाची बेल वाजली. दारात ती पोरगी उभी, केसात धूळ, हातात केकचा ट्रे, मागे नवरा. "आम्ही समोर राहायला आलोय. म्हटलं, ओळख करून घ्यावी."

वीणानं त्यांना आत घेतलं. चांगले कप काढले. चहा आवडतो का विचारलं. आलं घातलेला त्यांना आवडला. कचऱ्याचा पिवळा डबा कोणत्या वारी बाहेर ठेवायचा ते तिनं सांगितलं, बेकरीची व्हॅन कधी येते ते सांगितलं. पोरीनं आपला फोन नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला, कधी काही लागलं तर. समोर आमच्या आधी कोण राहायचं, असंही तिनं विचारलं.

"एक बाई होती," वीणा म्हणाली. "डॉर्श नावाची."

"तुमची चांगली ओळख होती?"

"नाही."

ती दोघं गेल्यावर वीणानं दार लावलं आणि तिची नजर घड्याळाकडे गेली. बेल वाजल्यापासून पंचवीस मिनिटं झाली होती, साडेसहा वर्षांत जे झालं नाही त्याला. ती तिथेच, चपलांच्या स्टँडपाशी खाली बसली आणि हमसून हमसून रडली, आणि या खेपेला ते बघायला समोरच्या खिडकीत, उशीवर कोपर टेकून कोणी नव्हतं.